अकोल्याची बीवी

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात वाईट होती, कर्जापायी शेतकरी औषध पिऊन जीव द्यायचे. घरातला माणूस गप्प झाला, की बायका त्याच्यावर नजर ठेवायच्या. आमचं दर्यापूरला फुलांचं दुकान. आमचे हे, गजाननराव, एरवी एका हारावर गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारे. ते एकदम मुके झाले! भर उन्हाळ्यात गळ्याला दुपट्टा गुंडाळून बसायचे, आणि दर आठवड्याला अकोला.

"काहून जाता हो अकोल्याले?"

"फुलाईच्या बजारात काम हाय."

 मी परसातल्या झेंडूवर फवारायचं औषध गुपचूप शेजारणीकडे नेऊन ठेवलं. तेव्हा आमच्याकडच्या बायका असं करायच्या.

आणि एका सकाळी परसात हे फोनवर कुजबुजताना ऐकलं. पलीकडे युसुफभाई, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दर्यापूर-अकोला जीप चालवतो.

"हो गा, ई बीवी निघाली. लई वर्सापासून अंदरच बसून हाय म्हने. बुधवारी कळन, ठेवाची का काढाची. सुनंदाले सांगजो नोको!"

बीवी! अहो, दर्यापुरात अर्धं गाव हिंदी बोलतं. बीवी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला हवं होतं का?

खरं सांगू? आधी क्षणभर बरंच वाटलं. माणूस जिवाचं काही करून घेत नाहीये, नुसतीच दुसरी बायको आहे! मग मात्र असा राग आला, की त्या दिवशीचे सगळे हार मी उलटे गुंफले.

बुधवारी हे पहिल्या एसटीनं गेले. मी मागोमाग युसुफभाईच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर.

"युसुफभाई, मले सारं कळलं."

त्यानं ब्रेकच मारला. "कळलं? अच्छा झालं, भाभी! माह्या पोटात राहूनच नव्हतं राह्यलं."

"कवापासून हाय ती?"

"लहानपनापासून असन म्हने. गज्या चार-पाच वर्साचा असन, तवापासून."

चार-पाच वर्षांचे? बालविवाह! म्हणजे पहिली ती, आणि वीस वर्षं संसार करून दुसरी निघाले मी!

"अन् राह्यते कुठं?"

"गळ्यात. काखीतबी राह्यते म्हने."

म्हणजे कायम मिठीतच! माझं रडणं ऐकून मागच्या सीटवरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. युसुफभाई बिचारा म्हणाला, "रडू नोका, भाभी. मी नेतो ना तुमाले तिथंच."

त्यानं नेलं ते एका दवाखान्यात. म्हटलं, नर्स असणार सटवी! दार ढकललं आणि पाहते तर काय? पांढऱ्या कोटातली एक गोरीगोमटी बाई, माझ्या नवऱ्याच्या गळ्यावर दोन्ही हात ठेवून उभी! आणि हे डोळे मिटून बसलेले!

"हात काढ वं आधी!"

ती दचकली. "बाई, तुम्ही कोण?"

"मी? मी दुसरी!"

"कायची दुसरी?" हे ओरडले.

"तुमची! पयली ही ना, अकोल्याची बीवी?"

दाराबाहेर रांगेतले पेशंट आपापली दुखणी विसरून उभे राहिले. त्या बाईंनी शांतपणे एक कागद माझ्यासमोर धरला. "ही बघा तुमची बीवी. ई, बी, व्ही. विषाणूचं नाव आहे. मी डॉक्टर आहे."

मग त्यांनी समजावलं. गळ्यात, काखेत, जांघेत रोगाशी लढणाऱ्या गाठी असतात. हा विषाणू त्यांच्याच पेशींत घर करतो. बहुतेकांना काही करत नाही, पण क्वचित कुणाच्या त्या पेशी बिघडतात आणि कॅन्सर होतो. "म्हणून ह्यांच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता."

कॅन्सर ऐकलं आणि माझी नजर टेबलाकडे गेली. टेबलावर तो दुपट्टा पडला होता. ह्यांच्या गळ्याला पट्टी. तो दुपट्टा रोज मी धूत होते हो, आणि खाली काय आहे ते एकदाही पाहिलं नाही!

"अहो, नाही कॅन्सर," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या. "आजच रिपोर्ट आला. गाठ नुसती सुजली आहे, काढायची गरज नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा."

मी भोकाड पसरलं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू घाबरली असती वं."

"अन् आता?"

"आता मी घाबरलो!"

निघताना मी हळूच विचारलं, "मॅडम, ही जाईल कधी ह्यांच्या अंगातून?"

"ती नाही जात. औषध नाही तिच्यावर, जन्मभर राहते. उष्ट्यातून पसरते आणि बहुतेक सगळ्यांत असते. तुमच्यातही असेल."

असणारच! कारण साखर बरोबर आहे का बघायला ह्यांच्या चहाचा पहिला घोट वीस वर्षं मीच घेत आले.

परतीच्या जीपमध्ये मी मधे, हे खिडकीशी. दवाखान्याच्या दारात उभं राहून युसुफभाईनं सगळं ऐकलं होतंच. आरशात बघत म्हणाला, "क्या भाभी, मिली क्या बीवी?"

मी तोंड उघडायच्या आत इतक्या दिवसांचे मुके गजाननराव बोलले. "मिळाली ना गा! एक माह्या गळ्यात हाय, एक बाजूले बसून हाय. मॅडम म्हने, औषध नाई."

"ते तर तुमच्या अंगातलीले म्हने," मी म्हटलं.

"म्या आईकलं ना. पन दोघीले लागू हाय!"