एकोणीस दगडांचा जबाब

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःची लाज वाटते, भीती तिच्या मागून येते. नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या. पण ही एक टेप लावून, मोजून, पंचांच्या सह्या घेऊन केली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. माझं ठाणं वणीपासून तासाभरावर, सागाच्या जंगलाला लागून. जुन्या जमिनी दमल्या होत्या, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याची नजर जंगलाच्या कडेच्या कोऱ्या मातीवर होती. अशाच एका ट्रॅक्टरवाल्यानं, गावातल्या वजनदार माणसानं, माझ्याकडे येऊन आवाज उतरवला.

"साहेब, कोलामायच्या पोडामागं जंगलात खड्डा खंदला हाय. मानसाच्या मापाचा. अन् दगडायले लाल लावून राह्यले. मले तं काई बरं नाई दिसत."

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. 'नरबळी' हा शब्द त्यानं उच्चारला नाही, मीच उच्चारला. तो नुसता मान हलवत चहा पीत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो उभा राहिला, टोपी किंचित तिरपी.

स्टेशन डायरीत नोंद केली, नायब तहसीलदारांना विनंती केली, दोन पंच घेतले आणि भर दुपारी निघालो. चैत्रातलं जंगल. साग पार उघडे, खाली पत्रावळीएवढ्या पानांचा थर. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. आम्ही थांबलो की तो आवाज एक पाऊल उशिरा थांबायचा. मी दोनदा मागे वळून माणसं मोजली. बरोबर होती.

मोहाच्या झाडाजवळ दगडांची रांग होती. एकोणीस. गुडघ्याएवढे, एक बाजू खडबडीत, एक गुळगुळीत. सगळ्या गुळगुळीत बाजू पोडाकडे. काहींवर लाल डाग. रांगेच्या शेवटी खड्डा. रिकामा. तळ झाडून स्वच्छ केलेला, घरी पाहुणा यायचा असावा तसा.

माझे हवालदार वाकून म्हणाले, "साहेब, यात कोनी गेलं नाई अजून."

तो 'अजून' मला आवडला नाही. मी खड्डा आणखी दोन हात खोल खणवला. मुरूम लागला. शहाणा अधिकारी तिथून परत आला असता. मी दगड जप्त केले.

करायचं ते रीतसर, हा माझा खाक्या. उचलण्याआधी प्रत्येक दगडाला चुन्यानं नंबर घातला, मोहाच्या बुंध्यापासूनचं अंतर टेपनं मोजलं, उंची, कल, सगळं पंचनाम्यात घेतलं. पोडाचा प्रमुख, ज्याला नाईक म्हणतात, तो म्हातारा बाजूला उभा होता. ओरडला नाही. एकेक दगड निघाला की उघड्या पडलेल्या जागेवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

त्याला ठाण्यात आणलं.

"खड्डा कोणासाठी खणला?"

"मायासाठी."

"नीट सांग, बाबा. कोणाला पुरायचं होतं?"

"मलेच, साहेब."

"आणि हे दगड?"

तो भिंतीकडे बघत एका सुरात सांगत गेला. "पयला माया बाप. दुसरा त्याचा बाप. तिसरी बाई, तिले वाघानं नेलतं, हाडकं आनली. चवथी मायी मोठी माय..." एकोणिसाव्यापर्यंत कुठे अडखळला नाही. लिहिणाऱ्या शिपायाचा हात मध्येच थांबला होता. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. शेवटी जबाबाखाली माझ्या हातानं शेरा लिहिला: 'सदर इसम खड्ड्याबाबत उडवाउडवीची उत्तरे देतो. मात्र एकोणीस मयतांची कबुली दिली आहे.' वरिष्ठांनी त्या वाक्याखाली पुढे लाल रेघ मारली. दोनदा.

प्रेत नाही, फिर्याद नाही; संध्याकाळच्या आत त्याला सोडलं. दगड मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत, राहिले. डाग तपासायला पाठवले होते, अहवाल आला: शेंदूर व तेल.

दुसऱ्या दिवसापासून नाईक रोज पायी यायचा आणि ठाण्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसायचा. काही मागायचा नाही. नेहमी पायात घोटाळणारं ठाण्याचं कुत्रं मात्र मालखान्याच्या बाजूला फिरकेनासं झालं. पाचव्या दुपारी म्हातारा माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, मोठी माय पडली."

"कुठे?"

त्यानं हनुवटीनं मालखान्याकडे दाखवलं. खोलीला खिडकी नाही, दाराला कुलूप, किल्ली मालखाना सांभाळणाऱ्या मोहररच्या कमरेला. मी हसलो. त्याचं तोंड बंद करायला दार उघडायला लावलं.

अठरा दगड भिंतीला टेकून होते. एक पालथा पडला होता. त्यावर चुन्यानं लिहिलेलं: चार. जबाब काढून पाहिला. चवथी, मोठी माय, म्हणजे त्याची आजी.

आणखी एक. रचताना आम्ही ते कसेही टेकवले होते. आता साऱ्या गुळगुळीत बाजू एकाच दिशेला. त्या दिशेला भिंत, भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे पोड. मोहररनं किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि तीन दिवसांच्या आजारी रजेचा अर्ज दिला. तब्येत ठणठणीत होती. मी मंजूर केला.

त्या दिवशी मी तो जबाब पहिल्यांदा नीट वाचला. बाप, त्याचा बाप, आजी. म्हणजे हे लोक किती पिढ्या तिथेच राहिले होते?

"आधी का नाही बोललात?" मी विचारलं. एव्हाना 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं.

"बोललोच ना, साहेब. तुमी लिवलं बी."

मग उलगडलं. नव्या वनहक्क कायद्याखाली पोडानं त्या जागेचा दावा केला होता. जुन्या वहिवाटीचा पुरावा हवा होता. "आमच्यापाशी कागद नाई. हे दगडच व्हते," नाईक म्हणाला. "एकेक उपटून फेकून राह्यला तो ट्रॅक्टरवाला. आमी परत उभे करून राह्यलो. मंग मी मायी जागा खंदून ठेवली. मेल्यावर कोनी उठवू नोको म्हनून."

जीप काढून गेलो. मोहाच्या झाडाखाली जमीन नांगरलेली. खड्डा बुजलेला. सरळ, देखणी तासं, कापूस लावायला तयार. ट्रॅक्टरवाला उतरून हसतच आला. "आता इथं काय हाय, साहेब? तुमीच तं नेलं सारं."

माझा सगळा तपास मला त्या हसण्यात दिसला. त्याला जे दगड एकेक करून उपटावे लागत होते, ते मी सरकारी गाडीतून एका फेरीत हलवले होते.

उपविभागीय समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा मी पंचनामा घेऊन उभा राहिलो. तो सादर करायचा तर जबाबही वाचावा लागणार, शेऱ्यासकट. वाचला. सभागृह हसलं. एका वनरक्षकानं रुमालानं डोळे पुसले.

"मग या एकोणीस जणांना मारलं कोणी?" उपविभागीय अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. ते तिथे राहतात."

माझ्याच तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. हसणं थांबलं. नाईक मात्र आधीपासूनच हसत नव्हता.

स्थळपाहणीला मी तीच टेप नेली. मोहापासून मोजून एकोणीस खुंट्या ठोकल्या. नांगराच्या थराखाली प्रत्येक खुंटीपाशी दगडाची जुनी खोबण सापडली, एकही चुकली नाही. दावा मंजूर झाला, ट्रॅक्टरवाल्यावर कारवाई झाली, दगड परत गेले. मोठी माय नाईकानं स्वतः उभी केली.

मी निवृत्त झाल्यावर पोडावरून निरोप आला: नाईक गेले, टेप घेऊन या. जुन्या हवालदारांना बरोबर घेतलं. वाटेत विचारलं, मालखान्यात दगड फिरवले होते ते तुम्हीच ना?

"मी कायले फिरवतो, साहेब? मी तं आजवर समजत व्हतो का तुमीच."

पुढे आम्ही सागाच्या जंगलात शिरलो. पाचोळ्यात आमच्यामागे एक पाऊल उशिरा थांबत होतं. या वेळी मी वळून पाहिलं नाही.

रांगेच्या शेवटी तीच जागा पुन्हा खणलेली होती, तळ झाडलेला. माणूस निजवला, दगड उभा केला. मी मोजलं आणि लिहिलं: दगड क्रमांक वीस, मोहाच्या झाडापासून अमुक अंतर, तोंड पोडाकडे. मला आता कसलाही अधिकार नव्हता, तरी दोन पंचांनी अंगठे दिले.

समोरचा माणूस खरं बोलत असेल, ही शक्यता तपासात सगळ्यात आधी पडताळावी, हे शिकायला मला एकोणीस दगड वाहावे लागले. शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथे लिहिलं: 'खड्ड्याबाबत सदर इसमाने दिलेला जबाब खरा निघाला.' आणि खाली सही केली.