इंजिन धूत धूत नंदुरबारपर्यंत

मोटारीने प्रवासाला निघणारे लोक बहुधा गावे पाहायला, देवदर्शनाला किंवा लग्नकार्याला निघतात. गेल्या वैशाखात आम्ही कळसाडीहून नंदुरबारला निघालो ते मुख्यतः मोटारीचे इंजिन आतून धुऊन काढण्यासाठी. ज्यांच्या दारात आमच्यासारखी जुनी, कापडी टपाची गाडी उभी आहे, त्यांना या वाटेचा आणि या उपायाचाही काही उपयोग होईल, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

गाडी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापसाला चांगला भाव आला त्या वर्षी घेतली. तेव्हाच ती कोणीतरी वापरलेली होती. काळ्या मातीच्या रस्त्यांवर धूळ खात, तेच तेल पोटात घेऊन ती इतकी चालली की अलीकडे तिला दम लागू लागला. चढ आला की इंजिन आतून ठोके देई आणि मागून निळसर धूर निघे. तेल मोजण्याची सळई बाहेर काढली तर तिच्यावर काकवीसारखे काळे, घट्ट काहीतरी लोंबत असे. नंदुरबारच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी ती आहे त्या स्थितीत मागितली होती आणि आप्पांनी "दाखवायला आणतो" असे कबूल केले होते. इंजिन सुधारले तर गाडी राहणार होती, नाही तर जाणार होती.

गाडी राहते की जाते, याच्याशी माझे शिक्षण बांधलेले होते. मराठी सातवीच्या परीक्षेत मी तालुक्यात पहिली आले. नंदुरबारचे मामा जूनपासून मला आपल्या घरी ठेवून इंग्रजी शाळेत घालायला तयार होते. आईची मात्र एक अट होती आणि ती तिने चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता एकदाच सांगितली होती.

"आपली गाडी शे तोवर पाठाडसू. शनवारे घर उनी पाहिजे. सर्विसमा पोरले एकली बठाडस नही मी."

म्हणजे दर शनिवारी मला घरच्या गाडीने आणायचे. सर्विस म्हणजे भाड्याची मोटार. तीत कोण शेजारी बसेल, वाटेत कुठे थांबेल, याचा नेम नाही, असे आईचे म्हणणे.

मामांच्या मुलाचे जावळ ठरले आणि जाण्याचा दिवस पक्का झाला. मग इंजिनाचे काय करायचे, हा प्रश्न अंगणात आला. तीन मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे कारखान्यात देऊन ते संपूर्ण उघडायचे आणि आतली काजळी खरवडून काढायची. काम पक्के होते, पण त्यासाठी मुंबईहून सामान मागवावे लागणार होते आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. दुसरा मार्ग उखाभाऊंनी सुचवला. ते पूर्वी सर्विस चालवत असत. आता लांबचा प्रवास असला म्हणजे आमची गाडी चालवायला येतात. त्यांच्या मते तेल काढून पोटात घासलेट भरायचे आणि इंजिन दणकून फिरवायचे. तिसरा मार्ग आप्पांना शहाद्याच्या जिनिंगमधील इंजिनवाल्याने सांगितला होता. इंजिन गरम असताना जुने तेल काढायचे, पातळ स्वच्छ तेल भरायचे, थोडी वाट सावकाश चालायचे आणि ते तेलही काढून टाकायचे. असे पुन्हा पुन्हा केले म्हणजे मळ थोडा थोडा सुटतो आणि यंत्राला इजा होत नाही.

"पन कितलं तेल वाया जाई!" आप्पा म्हणाले.

आई ओट्यावरून म्हणाली, "वाया का बरं जाई? मी गाळी लिसू. गाडास्ले वंगन लागसच ना?"

शेतातल्या बैलगाड्यांच्या आसांना आणि मोटेच्या चाकाला वंगण लागतेच, आणि ते विकत आणावे लागते. आईचे हे वाक्य संपले तेव्हा तिसरा मार्ग परवडणारा झाला होता.

पहाटे उखाभाऊंनी इंजिन थोडा वेळ चालू ठेवले, खाली पाटी सरकवली आणि बुडाचे बूच काढले. जुने तेल धारेने न पडता ओघळत, अडत, गोळ्यागोळ्यांनी पडले. आईने जुन्या लुगड्याचे फडके घमेल्यावर ताणून धरले होते.

"वहिनी, इंजिनना चहा गाळी ऱ्हायनात का?" उखाभाऊ गाडीखालून म्हणाले.

"तू पिशी का? कप आनू?"

फडक्यावर जो चिखल राहिला तो तिने चुलीच्या राखेत टाकला. तेल डब्यात गेले आणि इंजिनात घरी होते तेवढे पातळ तेल ओतले. डबा गाडीत तिच्या पायाशी आला आणि परत येईपर्यंत तिथेच राहिला. लुगड्याचे आणखी तुकडे तिच्या पिशवीत होते.

पहिला टप्पा शहाद्याचा, कारण मोटारीचे पातळ तेल आणि पेट्रोलचे डबे तिथेच मिळतात. वैशाखात या रस्त्याला एकच गुण आहे, तो कोरडा असतो. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या होत्या आणि जमीन हातभर भेगाळलेली होती. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत मोटारीचे चाक सापडले म्हणजे सुकाणू हातात असून नसल्यासारखे होते. निघणाऱ्याने पाण्याचा एक डबा इंजिनासाठी आणि एक स्वतःसाठी घ्यावा, आणि दोन्ही वेगळे ओळखता येतील असे ठेवावेत. आमचे ते राहून गेले. पेट्रोलच्या वासाचे पाणी आम्हीच प्यायलो.

शहाद्यात खरेदी झाली. लोणखेड्याच्या बाजूला एका लिंबाखाली गाडी लावून आम्ही कळण्याची भाकरी, कांदा आणि तिळाची चटणी खाल्ली. तेथेच दुसऱ्यांदा तेल काढले. या वेळी धार पडली. फडक्यावर मात्र दुधावरच्या सायीसारखे काळे पापुद्रे आले, सकाळपेक्षा अधिक. मला वाटले, काही बिघडले. आप्पा म्हणाले, की मळ आत्ता कुठे सुटू लागला आहे.

तिथून प्रकाशाची वाट. आप्पांनी वेग वाढू दिला नाही. दोनदा बैलगाड्यांना आम्ही मागे टाकले आणि पाणी घालायला थांबलो तेव्हा त्याच गाड्या आम्हांला मागे टाकून गेल्या. प्रकाशाला तापीकाठी पोहोचलो तेव्हा उन्हे चढली होती. संगमावरची देवळे, घाटावर केस काढून बसलेले यात्रेकरू आणि धर्मशाळेतली थंडगार फरशी, एवढे पाहण्यासाठीही येथे अर्धा दिवस काढण्यासारखा आहे. आमचा अर्धा दिवस रेतीत गेला. उन्हाळ्यात तापी आकसते. दोन्ही बाजूंना रेतीचे मोठे पट्टे राहतात आणि मधल्या खोल पाण्यातून दोन नावा जोडून केलेल्या तराफ्यावर गाडी न्यावी लागते. रेतीत मोटारीची चाके जागच्या जागी फिरू लागली. उखाभाऊंनी इंजिन गरजवले तशी गाडी आणखी रुतली. शेवटी बैलजोडी लावली. जोडीवाला पुढून चालत, मागे न पाहता म्हणाला,

"मन्हा बैल पेट्रोल पेतस नही आप्पा, पन वाटमा थांबतसबी नही."

उखाभाऊंना हे लागले. तराफ्याच्या आधी, काठावर इंजिन फार तापलेले होते म्हणून तिसऱ्यांदा तेल काढायला घेतले, तेव्हा ते आप्पांना म्हणाले, "शेठनी असं दखं ते फुकट मांगी. आते घासलेट टाकी द्या. नंदुरबारलोंग इंजिन आरसा व्हई जाई."

आप्पा विचारात पडले. गाडी दुसऱ्या दिवशी शेठजींना दाखवायची होती, आणि घासलेटचा डबा नाक्यावरच्या दुकानात दिसत होता. त्यांनी पैशासाठी खिशात हात घातला.

आई फडके पिळत नव्हती. ते तसेच दोन्ही हातांवर पसरून पाहत होती. त्यावर नखाएवढे, काही त्याहून मोठे, कडक काळे तुकडे होते. ती आप्पांकडे न पाहता म्हणाली, "हाई बठ्ठं एकदम निंघनं ते जाई कोठे?"

इंजिनाच्या पोटात तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. एवढे तुकडे एकाच वेळी तिच्यावर येऊन बसले तर तेल वर चढणार नाही आणि कोरडे इंजिन काही मैलांत जळून बसेल. ते उखाभाऊंना ठाऊक होते. आठवायचे राहिले होते. आप्पांनी खिशातला हात बाहेर काढला आणि पातळ तेलाचा डबा मागितला. उखाभाऊ म्हणाले, "बैलवालाना मुये डोकं फिरनं मन्हं," आणि पुन्हा गाडीखाली गेले.

तराफ्यावर गाडी चढवताना सर्वांनी उतरावे. आई उतरली नाही. डबा सांडेल, असे तिने कारण दिले.

नदीपलीकडची वाट चढाची आहे. तिथे प्रत्येक जण ठोके ऐकायची वाट पाहत होता. एका चढावर ते आले, पण पूर्वीपेक्षा कमी. पुढच्या चढावर आले नाहीत. उखाभाऊ शीळ घालू लागले.

मामांकडे पोहोचलो तेव्हा रेल्वेच्या गाडीची शिट्टी ऐकू येत होती. घर स्टेशनजवळ आहे. दुसऱ्या दिवशी जावळ झाले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाच्या पंगती उठल्या, आणि दुपारी अंगणात चौथ्यांदा तेल काढले. या वेळचे फडके उन्हात धरले तर आरपार उजेड दिसत होता. उखाभाऊंनी ठिणगीचे प्लग काढून ब्रशने घासले, परत बसवले आणि गाडी चालू केली. धूर पाहायला मामांकडची मुले मागे जमली होती. ती निराश होऊन गेली.

संध्याकाळी शेठजी आले. बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता. त्याने इंजिनावरचे झाकण उघडले, कान लावून ऐकले, गाडी स्टेशनपर्यंत नेऊन आणली आणि शेठजींकडे पाहून मान डोलावली.

"पाटील, गाडी तो सुधरी गई," शेठजी म्हणाले. "आधी बोललो होतो त्याच्यापेक्षा जास्ती देतो. आत्ताच घेऊन जातो."

हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलेच नव्हते. गाडी बिघडलेली राहिली तर जाईल, एवढीच भीती मी सारी वाट बाळगली होती. ती बरी झाली म्हणून जाईल, हे सुचले नव्हते. आप्पांना ती रक्कम मोहवत होती. विहिरीचे काम अडून होते, आणि तेवढ्या पैशांत ते निघाले असते. ते जमिनीकडे पाहत मिशीवर हात फिरवू लागले. मी ओसरीवर खांबाशी उभी होते. एक वाक्य मी मनात नीट जुळवले, तपासले, पुन्हा जुळवले, आणि ते तिथेच राहिले.

इतक्यात आतल्या दाराने आई आली. डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तेलाचा डबा. परक्या पुरुषांसमोर ती बोलत नाही. आताही बोलली नाही. अंगण ओलांडून ती गाडीपाशी गेली, मागचे दार उघडून आत बसली आणि डबा पायाशी ठेवला.

"वहिनी, आपलं जावानं सकाय शे," उखाभाऊ हळूच म्हणाले.

"माले ठाऊक शे. मी आते बठी ऱ्हायनी."

आप्पांनी तिच्याकडे पाहिले. ती समोर, काचेतून, मामांच्या भिंतीकडे पाहत होती. शेठजींनीही पाहिले आणि ते मोठ्याने हसले. "बेन बेसी गया, पाटील. हवे सौदो पूरो!" बाई गाडीत बसल्या, तेव्हा विक्रीची गोष्ट संपली, असे म्हणत त्यांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली, चहा घेतला आणि ते निघून गेले. आई चहा होईपर्यंत गाडीतच होती. मामींनी तिचा कप तिथे नेऊन दिला.

परतीच्या वाटेबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. घरी न्यायच्या तेलाने डबा भरलेला होता आणि आई तो झाकणावर हात ठेवून धरून होती. प्रकाशाच्या तराफ्यावर, पाण्याच्या मध्यावर, तिने मला विचारले, "शनवारे तुन्ही शाळा कव्हय सुटस?"

मी म्हणाले, दुपारी.

"मंग अंधार पडाना आत घर येवाई जाई," ती म्हणाली आणि पुन्हा नदी पाहू लागली.

या उपायाचे मोजमाप करायचे तर सांगते, की इंजिन नवे झाले नाही. झिजलेले झिजलेलेच राहते. मोठ्या चढावर ते अजूनही कुरकुरते. पण धूर गेला, ओढ आली, आणि कारखान्याच्या खर्चाच्या मानाने आम्हांला तेलाचे डबे काहीच पडले नाहीत. गाळलेले तेल अजून पुरते आहे. आमच्या बैलगाड्या शेतातून येताना पूर्वी गावभर ऐकू यायच्या. आता त्या दारात आल्यावर कळतात. कोणी हे करणार असेल तर घाई करू नये, लहान टप्पे घ्यावेत आणि निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि हे उन्हाळ्यातच करावे.

कारण आषाढात तापीला पाणी आले. तराफा बंद झाला. माणसांपुरती नाव तेवढी चालू राहिली. पावसाने उघडीप दिली त्या शनिवारी आमची गाडी प्रकाशाच्या तीरापर्यंतच येऊ शकणार होती, आणि नंदुरबारपासून नदीपर्यंत यायला सर्विसखेरीज दुसरे साधन नव्हते. मामांनी सोबत येतो म्हटले. ऐन वेळी त्यांना काम निघाले. मी सर्विसमध्ये एकटी बसले, एकटी उतरले आणि नावेत चढले. पलीकडच्या चिखलात गाडी उभी दिसत होती. पुढे आप्पा, मागे आई.

मी जवळ गेले तेव्हा इंजिन चालूच होते. चिखलात ते बंद करायची उखाभाऊंना भीती वाटत होती.

"एकलीच उनी का?" आईने विचारले.

मी होय म्हणून मान हलवली.

तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "सर्विसमा बाया व्हत्यात का?"

"होत्या. तीन-चार. एकीच्या मांडीवर कोंबडी होती."

आई सरकली आणि तिने याही वेळी बरोबर आणलेला तेलाचा डबा उचलून पायाशी जागा केली.

"मंग बठ," ती म्हणाली. "उखा, चाल."