पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

त्यांना सगळे नक्कलबाई म्हणत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. नोंदणी कार्यालयात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, त्यातली पहिली वीस दाखल्यांच्या नकला देण्यात. कार्यालयाच्या इमारती दोन, संगणकही दोन, आणि दोन्हींतल्या नोंदी एकमेकींशी जुळतील तर शपथ. एकीकडे माणूस हयात, दुसरीकडे मयत. रोज सकाळी दोन्ही याद्या शेजारी ठेवून फरक शोधता शोधता बाईंच्या नाकी नऊ आले, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी त्या प्रोग्रॅमिंग शिकायला बसल्या. शिकवणाऱ्या मुलीला वाटलं, या आठवड्याभरात कंटाळतील. दोन वर्षांनी तीच मुलगी बाईंना शंका विचारू लागली.

त्यातून ‘सुतळी’ तयार झाली. काम सरळ होतं. एका डेटाबेसमध्ये बदल झाला की तो उचलायचा आणि दुसऱ्यात जसाच्या तसा नेऊन ठेवायचा. एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल, तर वेळ बघायची आणि जो बदल नंतरचा तो खरा धरायचा. बाईंनी सगळा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, वाचावा, दुरुस्त करावा.

“उद्या कुणीही येऊन त्यात हात घालेल,” नणंद म्हणाली होती.

“घालू दे की. माझ्या एकटीच्या डोळ्यांना किती चुका दिसणार?”

बोलणं नम्र होतं, पण मनातून बाईंना वाटत होतं की फारशा चुका नाहीतच. तसं वाटायला कारणही होतं. चाळीसेक ठिकाणी सुतळी चालत होती, कुठे वाचनालयात, कुठे गोदामात, आणि सहा वर्षांत एकही नोंद हरवली नव्हती. बाई हे छाती ठोकून सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत.

मग एका मंगळवारी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरांचा फोन आला. पेढीचे विभाग दोन होते. वरच्या मजल्यावर तपासणी, खाली रक्ताच्या पिशव्या देण्याची खिडकी. दोन्हीकडे वेगळे संगणक, मध्ये सुतळी. त्या सकाळी तपासणीतल्या ताईंनी एका पिशवीपुढे ‘देऊ नये’ अशी नोंद केली होती. तरी खिडकीवर तीच पिशवी ‘तयार’ दिसत होती आणि तिथल्या माणसाने ती काढून ट्रेमध्ये ठेवलीसुद्धा.

“मग?” बाईंनी विचारलं.

“ताई सहज खाली आल्या होत्या म्हणून वाचलो. नाकारलेल्या पिशवीच्या गळ्याला त्या लाल दोरा बांधतात. जुनी सवय. संगणक आल्यापासून सगळे त्यांना हसायचे. त्यांना ट्रेमध्ये दोरा दिसला.” मग डॉक्टर मुद्द्यावर आल्या. “शुक्रवारपर्यंत मला कारण सांगा. नाहीतर सुतळी काढून मी परत वह्या आणि फोनवर जाते. मला रागवायचं नाहीये, पण दुसऱ्या वेळी दोरा दिसेलच असं नाही.”

कारण सापडायला बाईंना दोन तासही लागले नाहीत. खिडकीवरचा संगणक पंधरा मिनिटं पुढे होता. दहा पंचावन्नला तिथे ‘तयार’ लिहिलं गेलं, त्यावर वेळ पडली अकरा दहाची. ताईंनी ‘देऊ नये’ लिहिलं ते खरोखरच्या अकरा पाचला. सुतळीने इमानेइतबारे वेळा पाहिल्या आणि ताईंची नोंद जुनी समजून पुसली.

आणि घड्याळ बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम पुढे केलेलं होतं. खिडकीचे मुख्य कारकून, ज्यांना सगळे मोठे भाऊ म्हणत, त्यांचा तो जुना उपाय होता. भिंतीवरचं घड्याळ पुढे, संगणकाचंही पुढे, म्हणजे माणसं वेळेवर येतात आणि पिशव्यांची गाडी वेळेवर सुटते. इंटरनेटवरून आपोआप वेळ घेण्याची सोयही त्यांनी बंद करून टाकली होती. खिडकीवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि जो तो मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करत होता. एकट्या सुतळीला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. सुतळीच्या माहितीपुस्तिकेत, तिसऱ्या पानावर, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: सर्व संगणकांची घड्याळं बरोबर असावीत. इंटरनेटवरच्या चर्चेत इतर वापरणाऱ्यांनीही बाईंचीच बाजू घेतली. घड्याळ चुकीचं ठेवणाऱ्यांनी भोगावं, सुतळीचा काय दोष? बाईंनी डॉक्टरांना कळवायचा मजकूर लिहिला आणि जेवताना नवऱ्याला वाचून दाखवला. ते शिंपी होते, पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं, आणि बोलायच्या आधी माप घ्यायची त्यांची सवय होती.

“म्हणजे मोठ्या भाऊंची चूक,” ते म्हणाले.

“मग काय माझी? घड्याळ पुढे ठेवून माणसं कामं करतात तरी कशी, मला कळत नाही.”

नवऱ्याने घास खाली ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे पाहिलं. तिथलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी बाईंनीच ते पुढे केलं होतं, ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून, आणि गेली सव्वीस वर्षं सगळं घर दहा मिनिटं वजा करून जगत होतं.

“मी काही बोललो नाही हं,” ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

बाईंनीही घड्याळाकडे पाहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज मोठी होती. सत्तावीस वर्षं माणसांच्या नोंदींत घालवली, आणि माणसं घड्याळ पुढे ठेवतात एवढंही आपल्या प्रोग्रॅमला सांगितलं नाही. पण लाज कवटाळून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. मजकूर त्यांनी पुसला आणि दुपारीच कामाला बसल्या.

उपाय त्यांना जुन्या टपालात सापडला. पत्रावर तारीख काहीही असो, उत्तर पत्रानंतरचंच असतं, कारण पत्र वाचल्याशिवाय उत्तर लिहिता येत नाही. मग घड्याळाला विचारायचंच कशाला? प्रत्येक बदलासोबत एकच गोष्ट लिहायची: हा कोणता बदल बघून केला. ताईंनी ‘तयार’ बघून ‘देऊ नये’ लिहिलं, तर ताईंचंच नंतरचं. आणि दोघांनी एकमेकांचं न बघताच लिहिलं असेल, तर सुतळीने शहाणपणा करायचा नाही. थांबायचं, नोंद कुलूपबंद करायची आणि माणसाला विचारायचं. ओळखीच्या नसलेल्या दोघांनी कुठूनकुठून तो बदल तपासला, तीन चुका काढल्या, आणि बाईंनी त्या निमूटपणे पदरात घेतल्या.

शुक्रवारी त्या रक्तपेढीत स्वतः गेल्या. मोठे भाऊ खाली मान घालून उभे होते.

“घड्याळ आत्ताच बरोबर करतो, बाई.”

“अजिबात नको. उलट तासभर पुढे करा.”

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण भाऊंनी घड्याळ पुढे केलं. खिडकीवर एका रिकाम्या पिशवीला ‘तयार’ लिहिलं, वर ताईंनी ते पाहून ‘देऊ नये’ केलं. सगळे खिडकीवरच्या पडद्याकडे बघत राहिले. तिथे ‘देऊ नये’ उमटलं आणि तसंच राहिलं. मग डॉक्टरांनी स्वतः मधली वायर काढली, दोन्हीकडे वेगवेगळं लिहायला लावलं आणि वायर परत जोडली. पडद्यावर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आल्या, पिशवी कुलूपबंद झाली आणि खाली प्रश्न उमटला: कोणती खरी?

“आणि उत्तर कोण देणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“ताई.”

“राहू दे सुतळी,” डॉक्टर म्हणाल्या.

ताई वरून खाली आल्या होत्या. “म्हणजे आता माझा दोरा सुटला,” त्या हसत म्हणाल्या.

“दोरा बांधत राहा,” बाई म्हणाल्या. “हे मी सांगतेय.”

घरी येऊन बाईंनी माहितीपुस्तिकेतलं तिसऱ्या पानावरचं वाक्य काढून टाकलं. मग सुतळीसाठी काम केलेल्यांची यादी उघडली. सहा वर्षांत त्यात एकोणीस नावं जमली होती, सगळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. त्यांनी विसावं लिहिलं. सोमवारी सकाळी ताईंचा फोन आला, आवाज संकोचलेला.

“बाई, त्या यादीत माझं नाव चुकून पडलंय का? मला तर त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी नुसता दोरा बांधला.”

“नावापुढे बघा ना,” बाई म्हणाल्या. “तेवढंच लिहिलंय.”