दगाकाकांच्या आठ टिकल्या

"आधी वाळवायचं, मग तोलायचं." सुरतेच्या त्या कॉलेजात शिकायला आलेल्या प्रत्येकाने दगाकाकांच्या तोंडून हे ऐकलेलं होतं.

तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेला जाते. माणसंही तिच्याच वाटेने गेली. दगाकाका अठरा वर्षं कापडाच्या लूमवर कामाला राहिले, त्या खडखडाटात एक कान गमावला, आणि मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी सांभाळायला लागले. राहायला कोसाडची वसाहत. घरात ते आणि अनुसयाबाई, दोघंच.

गॅडोलिनियमची पांढरी पूड आणि लोखंडाची तांबडी पूड मापात घ्यायची, अकीकाच्या खलात तासन्‌तास घोटायची, दाबून टिकल्या पाडायच्या, तेराशे अंशांवर भाजायच्या. गार्नेट, म्हणजे दोन्हींचा एकजीव चुंबकी स्फटिक, जमलं की हिरवट झाक येते. काका टिकली पांढऱ्या फरशीच्या तुकड्याच्या खरखरीत अंगावर घासत. रेघ हिरवट आली तर माप बरोबर. तांबूस आली तर लोखंड उरलं, स्फटिकात त्याला जागा मिळाली नाही. पावसाळ्यात पांढरी पूड हवेतलं पाणी पिते, आणि वजनात ते पाणीच मोजलं जातं. म्हणून आधी भट्टीत वाळवायचं.

एकदा त्यांनी एक टाकाऊ टिकली घरी नेली, दोऱ्याला टांगली. कोमट पाण्यात ती लोहचुंबकाकडे धावे. फ्रिजच्या पाण्यात बुडवली तर जेमतेम हले.

"मंग तिना जोर कोठे गया?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"जोर तठेच शे. लोखंड एकीकडे वढस, गॅडोलिनियम दुसरीकडे. बराबरी व्हयनी का बाहेर काहीच दिखत नही."

"म्हंजे आपला संसारनी गत!" आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. कपाटावर ती टिकली पुढे कित्येक वर्षं होती.

श्रावणातल्या एका मंगळवारी अनुसयाबाईंना ताप होता. "आज कामले नका जाऊत," त्या म्हणाल्या. स्वाती नावाच्या विद्यार्थिनीच्या आठ टिकल्यांची मापं त्या दिवशी द्यायची होती. "आठ पुड्या तोली टाकस नि येस," म्हणून काका निघाले.

दुपारी शेजारणीचा फोन आला. "दगाभाऊ, वहिनीले दम लागना. निघी या."

भट्टी सकाळपासून दुसऱ्या टिकल्यांनी अडलेली, म्हणून पांढरी पूड अजून वाळवायला घातलेली नव्हती. वाळवत बसलं असतं तर संध्याकाळ झाली असती. काकांनी बाटली उघडली, तशीच ओलसर पूड तोलली, आठही मापं भरून स्वातीपुढे ठेवली आणि धावत बस गाठली. तोलण्यात अर्धा तास गेला होता. कोसाडला पोचले तेव्हा दाराशी बायका बसलेल्या होत्या, आणि कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

चौदाव्या दिवशी ते कामावर आले. स्वाती पेढ्यांचा डबा घेऊनच उभी होती. काकांचं मुंडण केलेलं डोकं पाहिलं आणि तिने डबा पाठीमागे लपवला.

"असू दे पोरी, सांग काय झालं."

"टिकल्यांची चुंबकाकडची ओढ कमी भरली, काका. या वेळी थोड्या लोखंडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घातलं ना, त्याचाच परिणाम. सर म्हणतात, छापून येईल."

काकांनी एक टिकली उचलून फरशीवर घासली. रेघ तांबूस होती. त्यांनी रेघेवर तळवा ठेवला. त्या खोलीत रेघ वाचणारे ते एकटेच होते.

मग त्यांनी हात उचलला. "हे तुझं यश नाही गं. माझी चूक आहे. रेघ बघ, हिरवट हवी, तांबूस आलीय. पूड ओली तोलली मी."

"तुम्ही? ओली?"

"पूर्ण वाळवली असती तर तुझं काम नीट झालं असतं. काम टाकून गेलो असतो तर घरची भेटली असती. मी मधलं काहीतरी केलं, आणि दोन्हीकडचं गेलं."

काकांनी हे सरांनाही जाऊन सांगितलं. प्रयोगशाळेचे ते प्रमुख रागीट नव्हते, पण नियमाचे होते. "उद्यापासून तोलायला दुसरा माणूस घेऊ. दगाभाऊ, तुम्ही झाडलोट बघा."

"सर, त्यांनी स्वतःहून सांगितलंय," स्वाती म्हणाली.

"म्हणूनच कामावर ठेवतोय."

काकांनी एवढंच मागितलं, की या आठ टिकल्या मला पुन्हा करू द्या. सर हो म्हणाले. आठ दिवस ते त्यातच होते. पूड वाळवली, निववली, तोलली, घोटली, भाजली. नवव्या दिवशी दुपारी आठही टिकल्या कागदावर ओळीने मांडल्या आणि शेजारी भट्टीची किल्ली ठेवली.

"काका, डोळे तरी वाळू द्या आधी, मग नोकरीचं ठरवा," स्वाती म्हणाली.

ते हसले. पिशवीत जेवणाचा डबा टाकला आणि जिना उतरले.

स्वातीने टिकली फरशीवर घासली. रेघ हिरवट आली. फरशी हातात धरूनच ती खिडकीशी धावली, "काका!" म्हणून ओरडली. पण तिच्याकडे त्यांचा बहिरा कान होता. ते फाटकातून बाहेर पडले आणि बसथांब्यावर न थांबता कोसाडच्या रस्त्याने पायीच निघाले. वळण येईपर्यंत ती बघत राहिली.