परतीच्या बाजूची तुळई

युद्धाच्या वर्षांत लोखंड परवान्यावर मिळे. खालापूरकडच्या ओढ्यावर काँक्रीटचा पूल व्हायचा होता आणि त्याची आकडेमोड माझ्याकडे होती. पुलाला दोन तुळया होत्या. गवताच्या गाड्या एका बाजूने भरून स्टेशनकडे जात आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या परतत, म्हणून परतीच्या तुळईवर चालते वजन, म्हणजे ये-जा करणाऱ्या गाड्यामाणसांचे, कमी धरावे, असे इंजिनिअरसाहेबांनी सुचवले. वाचलेल्या सळ्यांत वरच्या वाडीच्या वाटेवर ओढा ओलांडायला लहान मोरी झाली असती.

साहेबांच्या सहीपूर्वी आम्ही ओढ्यातून गाड्या उतरत त्या जुन्या फरशीपाशी उभे राहून वाहतूक पाहिली. बाजाराचा दिवस होता. परतीच्या गाड्या एकीमागे एक खेटून आल्या. त्यांत मिठाची पोती होती, कौले होती आणि वर दाटीने माणसे बसली होती. साहेब माणसे मोजू लागले.

"नीट बसा रं, सायेब आपली वजनं घेत्यात!" एक गाडीवान ओरडला.

मागच्या गाडीतल्या बाईने शेजारणीकडे बोट केले. "मग हिला आदी उतरवा, नायतर पूल बांदायच्या आदीच मोडंल!"

कचेरीत आल्यावर दोन्ही तुळयांवर पूर्ण चालते वजन धरले आणि ते सुरक्षेसाठी नेहमीइतके वाढवले. दोन्हींत सळ्या सारख्याच लागल्या. मोरीसाठी काही उरले नाही.

वाडीची दोन माणसे चौकशीला आली. साहेबांनी त्यांना स्वतः नकार सांगितला आणि म्हणाले, "पावसात ओढा उतरेपर्यंत थांबावं लागेल."

"ते तर थांबतोच की, सायेब," त्यांतला एक म्हणाला.