बाईंच्या वाट्याचं पान

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा, वनिताबाई आल्या नाहीत म्हणून, मी त्यांच्या तिसरीच्या वर्गावर होते. "वनिताबाई गेल्या." अहो, शुक्रवारी घरी जाताना तर म्हणाल्या होत्या, "सोमवारी शेळीचं काय होतं ते बघू हं!"... शेळी म्हणजे गोष्टीतली. मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग रडला, आणि मग एकाने विचारलं, "आता बाईंचं पान कोण वाचणार?"

वनिताबाई पुस्तकं फाडायच्या. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या शाळेत गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद. फाटलं तर जबाबदारी कोण घेणार? बाईंनी स्वतःची पुस्तकं आणली, पिना काढल्या, पानं कापून सुटी केली आणि प्रत्येकाला एकेक पान घरी दिलं. मी हबकलेच. "अहो ताई, पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो!" तर म्हणतात कशा, "मग कपाटाला रोज नमस्कार कर. वाचतंय कोण?"

ही युक्ती सुचली कुठून, याचं मला भारी कुतूहल. एकदा खोदून विचारलंच. त्यांचं लहानपण जांभूळ गावात गेलं. वाण्याकडच्या पुडीचे कागद त्या वाचायच्या, आणि गोष्ट नेमकी अर्धीच यायची. "उरलेली शोधायला गावभर भटकायचे गं. वाचायला मी अशी शिकले."

नियम एकच. आपलं पान दुसऱ्याला द्यायचं नाही, स्वतः वाचून दाखवायचं; अडलं तर शेजाऱ्याने मदत करायची. एक पान बाईंच्याही वाट्याला. मग काय, रिक्षा स्टँडपासून नळापर्यंत पोरं एकमेकांना गाठून विचारायची, "तेरे पन्ने में क्या हुआ रे?" बधली नाही ती फक्त नंदिनी. घरी हिंदी, वर्गात मराठी. एकदा सगळे हसले आणि तिने तोंडच मिटलं. या खेपेला बाईंनी आपल्या पानाच्या लगेच पुढचं पान मुद्दाम तिला दिलं होतं. "माझं झालं की ती वाचेल, बघच तू," असं मला ठणकावून सांगितलं होतं.

बाईंच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाल्यावर काही दिवसांनी मी बदलापूरला काकांकडे, म्हणजे बाईंच्या यजमानांकडे गेले. फॅक्टरीतून रिटायर झालेला अबोल माणूस. पान फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं. मी ते मागितलं, तर काकांनी आधी मलाच विचारलं, "मॅडम, ती शेळी नदी उतरते का हो? रोज वाचतो. काठावर येऊन उभी राहते आणि पान संपतं!"

मला हसू आलं आणि रडूही. "मलाही नाही माहीत, काका. पुढचं पान नंदिनीकडे आहे."

"मग हे तुम्हाला द्यायचं नाही. वनिताचा नियम आहे ना? मीच येतो."

आले. छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसले. एकेक पान वाचून होत त्यांची पाळी आली. "शेळी काठावर आली. पाणी किती खोल आहे, तिला कळेना. तिने मागे..." आणि गाडी अडली. चष्मा पुसून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले... मी उठणार, इतक्यात नंदिनी त्यांच्या बाकाशी गेली आणि अडल्या जागी बोट ठेवलं. "मागे... वळून... पाहिलं. बोलो ना, आजोबा."

काकांनी वाक्य पुरं केलं. मग तिथेच उभं राहून, अक्षराला अक्षर जोडत तिने आपलं पान वाचलं. "शे...ळीने पाय टाकला. पाणी... गुडघ्याएवढंच होतं."

वर्गात कुणी हसलं नाही. काका मात्र हसले, चांगले खदखदून, डोळे पुसत. "उतरली म्हणायची!"

गोष्ट संपली, शाळा सुटली, तरी काका बाकावरून हलेनात. मी म्हटलं, "चला काका, चहा घेऊ." त्यांनी माझ्यासमोर हात पसरला.

"चहा राहू द्या. पुढच्या पुस्तकातलं माझं पान द्या."