घरवाल्या डोंग्याचं वायरिंग

माझा नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. वर्षातले आठ महिने समुद्रात, चार महिने गोंदियाजवळ कुडव्याला घरी. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "होऊन जाते वं सवय." बँकेत, बाजारात, दवाखान्यात एकटीनं जायची सवय झाली. तो नसण्याची काही झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं कोकणातून एक जुनी फायबरची नाव ट्रकवर घालून आणली. लहानच, पण तिला छप्पर होतं आणि छपराखाली दोघांना आडवं होता येईल एवढी खोली. एक पंखा, दोन दिवे, एक स्टोव्ह.

"हे कायले आणलं?" मी विचारलं.

"जहाजावर चहूकडे पानीच पानी असते," तो म्हणाला, "पन तू नसते."

आमच्याच जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याच्या तलावावर मासेमारांनी नाव ठेवू दिली, पण पेट्रोलचं इंजिन चालणार नाही म्हणाले. मग त्यानं दोन मोठ्या बॅटऱ्या आणि बॅटरीवरची मोटर बसवली. तिथला एक म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमारच, आमच्या नावेकडे लक्ष ठेवायचा. तो तिला 'घरवाला डोंगा' म्हणायचा, घर असलेली होडी.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं डबा घेऊन निघालो आणि तलावाच्या मधोमध मोटर बंद पडली. बॅटऱ्या संपल्या होत्या. वारा नेईल तिकडे नाव जात होती. नवरा स्वतःवरच चिडला होता. "आत किती उरलं ते समजाले मीटरच नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी डबा उघडला, त्याला भात वाढला. म्हातारा ढिवर दोन तासांनी आला आणि दोरी बांधून आम्हाला काठाला ओढून नेलं. त्यानं आणखी उशीर केला असता तरी चाललं असतं, हे मी तेव्हा बोलले नाही.

पुढच्या सुट्टीत त्यानं मीटर मागवलं. तळहाताएवढा पडदा आणि शंट नावाची एक जड पितळी पट्टी. त्यानं मला समजावून सांगितलं: बॅटरीची काळी बाजू सगळी या पट्टीतूनच जाऊ द्यायची. मग किती करंट बाहेर गेला ते पट्टी मोजते, आणि किती टक्के उरलं ते पडदा दाखवतो. नावेच्या पुढच्या टोकाला, बॅटऱ्यांच्या शेजारी त्यानं शंट बसवला. तिथून मागे, नाव चालवायच्या जागेपर्यंत वायर ओढायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात जहाजावरून फोन आला. याच्या जागी असलेला माणूस आजारी पडला होता. तीन दिवसांत निघायचं होतं.

गोंदिया स्टेशनवर गाडी सुटताना तो खिडकीतून म्हणाला, "ती वायर राहून गेली."

"आल्यावर करा."

"आल्यावर म्हनजे पुढच्या वर्षी."



मी शिवणकाम करते. दिवाळीची गर्दी संपली, हातातले ब्लाउज देऊन झाले आणि घर फार शांत वाटायला लागलं. एका रविवारी त्याची हत्यारांची पिशवी स्कूटीला अडकवली.

सासूबाई दारात आल्या. "कुठं जाऊन राहिली?"

"नावेवर. वायर ओढाची आहे."

"तुले येते?"

"नाही."

त्यांनी आत जाऊन पाण्याची बाटली आणली आणि पिशवीत ठेवली.

नावेत फळीखालून एक बारीक पाइप पुढून मागे जातो. वायर ढकलली तर मध्येच अडते. तीनदा अडली. मग पायजम्यात नाडी ओवतो तसं केलं. आधी एक कडक तार पलीकडे काढली, तिच्या टोकाला वायर बांधून चिकटपट्टी गुंडाळली आणि हळूहळू ओढली. मागच्या बाजूनं वायरचं तोंड दिसलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "आली!" म्हणाले. काठावर जाळं सोडवत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

वायर जोडली, पडद्यावर आकडे आले. शंभर. पंखा लावला, दोन्ही दिवे लावले, तासभर थांबले. तरी शंभरच.

त्याचं जहाज कुठल्याशा बंदराजवळ होतं. फोन लागला, पण चित्र दिसेना, आवाजही तुटत होता.

"मोटर चालू केल्यावर आकडा हालते का?" त्यानं विचारलं.

मी मोटर फिरवून पाहिली. "हो, आता उतरून राहिला."

"मंग पंख्या-दिव्याची काळी वायर शंटातून जात नसन. सीधी बॅटरीले लागली असन. माह्यीच चूक आहे. पाय बरं, बॅटरीवर जाड वायरच्या खाली अजून एखादी बारीक आहे का?"

मी पालथी पडून हात आत घातला. त्या जागेत त्याचा पंजा जात नाही, माझा गेला. जाड वायरच्या थिंबलखाली, म्हणजे टोकाच्या कडीखाली, दडलेली एक बारीक काळी वायर बोटांना लागली.

"आहे."

"मोटर, पंखा, सगळं बंद कर. आधी काळी बाजू खोल, लालले हात लावू नोको. पाना दोन्हीकडे टेकू देऊ नोको. ते बारीक काढून शंटाच्या दुसऱ्या टोकाले..."

तिथं फोन तुटला. पुढचं मी माझ्या मनानं केलं.

पंखा पुन्हा लावला आणि पडद्यासमोर बसून राहिले. मोटरनं अठ्ठ्याण्णववर आणलेला आकडा बऱ्याच वेळानं सत्त्याण्णव झाला. कमी झालं म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मग दोरी सोडली आणि मी नाव एकटीनंच बाहेर काढली. मागच्या साली जिथे बंद पडलो होतो, साधारण तिथवर गेले आणि मोटर थांबवली. पाणी नावेला थपथप लागत होतं. समोरच्या बाकावर जागा मोकळी होती. आठ महिन्यांत कधी रडत नाही मी, वेळच नसतो. तिथं मात्र वेळ होता. एक्क्याण्णव आकडा दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि परत फिरले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. आधी बराच वेळ नुसती जहाजाच्या इंजिनाची घरघर. मग, "एकटीच गेली होती का गं?" पुन्हा घरघर. एवढंच.

तो मार्चला यायचा होता. बदली माणूस मिळाला नाही, मे उजाडला. तोवर उन्हाळी धानासाठी पाणी सोडून तलाव खूप उतरला होता. आम्ही दोघं गेलो तेव्हा नाव काठाच्या चिखलात एका कुशीवर कलून बसली होती. चपला हातात घेऊन आम्ही आत चढलो. त्यानं पुढची फळी उचलली आणि माझं काम पाहिलं. कुठं काही हलवलं नाही.

"पानी कधी भरते आता?" मी विचारलं.

"चांगला पानी झाला तं ऑगस्टात."

ऑगस्टात त्याला निघायचं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. त्यानं स्टोव्ह पेटवला. नाव तिरकी असल्यानं भांडं धरून ठेवावं लागलं. एका हातानं त्यानं धरलं, एका हातानं मी. चहा झाला तसा म्हाताऱ्यालाही हाक मारली.